भौमितिक नक्षीतली सतार

जुलै महिन्यात कोलकात्यात पावसाने धरले, की आमच्या शाखेसमोरचा रस्ता तासाभरात कालव्यासारखा दिसू लागे. २०२३ सालच्या अशाच एका संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळला होता, तिजोरीला कुलपे लागली होती, आणि तरीही आम्ही चार-पाच जण दारातल्या पायरीवर पाणी ओसरण्याची वाट पाहत उभे होतो. नव्यानेच रुजू झालेला एक बंगाली परिविक्षाधीन अधिकारी कानात इयरफोन घालून मजेत मान डोलावत होता. माझ्या चेहऱ्यावरचा कंटाळा त्याला दिसला असावा. इयरफोनचे एक टोक माझ्या हाती देत तो म्हणाला, "सर, याच शहराच्या नावाची एक रचना आहे. ऐकून बघा."

मोबाइलच्या पडद्यावर 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता' अशी अक्षरे होती. एखादे बंगाली गीत असणार असे धरून मी ऐकू लागलो. कानावर आली ती सतार, पण एकटी नव्हे. तिच्या पाठोपाठ गुरगुरणारी विजेची गिटार होती आणि खाली ड्रमचा न थांबणारा ठेका. "कोण आहेत हे? इथलेच का?" असे मी विचारले. "नाही सर, जपानी आहेत. टोकियोचे," तो म्हणाला आणि लगेच थोड्या खिन्न स्वरात त्याने पुस्ती जोडली, "म्हणजे होते. गेल्याच वर्षी त्यांनी वाजवणे थांबवले."

अशा रीतीने 'किकागाकु मोयो' या बँडशी माझी ओळख झाली, आणि ती झाली तेव्हा गाडी फलाटावरून निघून गेलेली होती. आपल्याकडे बँड म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर लग्नाची वरातच येते. मीही त्याच पिढ्यांच्या संस्कारातला. रॉक संगीताचे माझे ज्ञान महाविद्यालयीन वसतिगृहात कानावर पडलेल्या दोन-चार कॅसेटींपलीकडे कधी गेले नाही. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे, ते जाणकाराचे विवेचन नसून उशिरा पोहोचलेल्या एका श्रोत्याचे टिपण आहे, एवढे वाचकांनी गृहीत धरावे.

'किकागाकु' म्हणजे भूमिती आणि 'मोयो' म्हणजे नक्षी. रात्र रात्र वाजवत बसल्यावर मिटल्या डोळ्यांपुढे ज्या आकृत्या तरळू लागतात, त्यांवरून हे नाव सुचले असे सांगतात. ३१ मार्चच्या रात्री हिशेब पूर्ण करून घरी परतलेल्या कोणाही बँक कर्मचाऱ्याला या अनुभवाची ओळख पटेल, फक्त आपल्या डोळ्यांपुढे नक्षीऐवजी रकाने येतात. ड्रम वाजवणारा गो कुरोसावा आणि गिटार वाजवणारा तोमो कात्सुरादा या दोघांनी २०१२ च्या उन्हाळ्यात हा उद्योग सुरू केला, तोही एखाद्या सभागृहात नव्हे, तर टोकियोच्या रस्त्यावर उभे राहून. दाऊद पोपाल हा दुसरा गिटारवादक आला. बास गिटार वाजवणारा कोत्सु गाय हा तर नाणे टाकून वस्तू देणाऱ्या रस्त्यावरच्या यंत्रांची घरघर ध्वनिमुद्रित करीत असताना त्यांना भेटला, असे बँडच्या परिचयात नमूद आहे. अशा यंत्रांची घरघर मुद्दाम टिपून ठेवावी असे ज्याला वाटले, त्याला त्यांनी लगोलग आपल्यात घेतले, यातच या मंडळींचा स्वभाव कळून येतो. पाचवा आला गोचा भाऊ र्यू. तो भारतात सतार शिकून परतला होता. त्याच्याविषयी सविस्तर लिहायचे आहेच, पण त्याआधी टोकियोच्या रस्त्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

जपानमध्ये लोकसंगीताच्या वळणाची गिटारगीते आणि रस्ता यांचे नाते जुने आहे. १९६९ साली टोकियोच्या शिंजुकु स्थानकाच्या पश्चिम दाराशी जमिनीखाली जे विस्तीर्ण आवार आहे, तेथे दर शनिवारी संध्याकाळी तरुण मुले गिटार घेऊन जमू लागली. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध गाणी होत, आणि ती ऐकायला व त्यांत सूर मिसळायला हजारो माणसे गोळा होत. पोलिसांनी अश्रुधूर वापरून पाहिला. शेवटी जुलै महिन्यात प्रशासनाने एक नामी युक्ती केली. त्या जागेच्या पाट्यांवर 'चौक' असा शब्द होता, तो काढून तेथे 'मार्ग' असा शब्द लिहिला. चौकात माणूस थांबू शकतो, मार्गावर मात्र त्याने चालतच राहिले पाहिजे! एका शब्दाच्या बदलाने गाणे बेकायदा झाले. परिपत्रकातील एखादा शब्द बदलला की सारा व्यवहार कसा फिरतो हे आम्ही बँकवाले जाणतोच, पण गाणे बंद पाडण्यासाठी पाटी रंगवणाऱ्याला बोलावल्याचे उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

पुढच्याच वर्षी तेथे आणखी एक वाद रंगला. रॉक संगीत जपानी भाषेत गावे की इंग्रजीत? युया उचिदा यांच्यासारख्या ज्येष्ठ गायकाचे म्हणणे असे, की या संगीताच्या ठेक्यावर जपानी शब्द नीट बसत नाहीत आणि जगापुढे जायचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. याला उत्तर दिले 'हॅपी एंड' या चौघांच्या बँडने. त्यांनी निखळ जपानीत गाणी रचली. १९७१ सालची त्यांची 'काझेमाची रोमान' ही ध्वनिमुद्रिका पुढे जपानी रॉकमधील मैलाचा दगड ठरली, इतकी की २००७ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या जपानी आवृत्तीने तिला शंभर सर्वोत्तम जपानी ध्वनिमुद्रिकांत पहिला क्रमांक दिला. वाद तेथे संपला असे मानले जाते.

किकागाकु मोयोने मात्र त्या वादाला एक तिसरेच उत्तर शोधले. त्यांच्या पुष्कळशा गाण्यांतील शब्द ना जपानी आहेत, ना इंग्रजी. ते शब्दच नाहीत. तोंडाला गोड लागतील अशी अक्षरे जुळवून ते गातात. २०१८ सालच्या 'मसाना टेम्पल्स' या ध्वनिमुद्रिकेच्या नावातला 'मसाना' हा शब्दही त्यांनीच घडवलेला आहे. एखाद्या आदर्श, सुखी जगाची भावना त्यातून व्यक्त व्हावी अशी त्यांची कल्पना. मला हे कळले तेव्हा पहिल्या ऐकण्यातला माझा गोंधळ आठवून हसू आले. आपल्याला जपानी येत नाही म्हणून अर्थ लागत नाही अशी मी मनाची समजूत घातली होती. टोकियोतील श्रोताही त्याच नावेत होता! तराणा ऐकत वाढलेल्या माणसाला यात खरे तर नवल वाटायला नको. 'दिर दिर तोम'चा अर्थ मैफलीत कोण विचारतो? परराज्यात बदली होऊन गेलेल्या आपल्या बांधवांना तर हा अनुभव रोजचाच असेल. भाषा उमगण्याच्या आधी तिची लय अंगवळणी पडते, आणि कोलकात्यात पहिले सहा महिने मी बंगाली अशीच, गाण्यासारखी ऐकली.

गाण्यांची नावे मात्र अर्थपूर्ण आहेत, आणि त्यांतील काही मला फार आवडतात. 'कोगाराशी' म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा पहिला बोचरा वारा. 'कोदामा' म्हणजे प्रतिध्वनी, आणि झाडात वसणारे भूतही. 'आमायादोरी' म्हणजे पाऊस थांबेपर्यंत कोठेतरी आसरा घेणे. आपण 'आडोशाला उभे राहणे' म्हणतो, त्याला जपानीत हा एक स्वतंत्र शब्द आहे. शाखेच्या पायरीवर आम्ही नेमके तेच करीत होतो.

आता सतारीविषयी. र्यू कुरोसावाने भारतात पंडित मणिलाल नाग यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले. बंगालमधील विष्णुपूर घराण्याचे हे ज्येष्ठ सतारवादक, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका जपानी तरुणाने अशा गुरूपाशी बसून शिकावे आणि परत जाऊन ती विद्या रॉक बँडमध्ये वापरावी, हे ऐकून माझ्या मनात प्रथम कौतुक नव्हे, शंका आली. त्या शंकेला इतिहास आहे. १९६५ च्या डिसेंबरात बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली आणि पाश्चात्त्य तरुणाईत तिची एकच लाट आली. सतार म्हणजे उदबत्ती, झगमगीत कपडे आणि नशा असे समीकरण होऊन बसले. पंडित रविशंकर यांना या लाटेने अमाप कीर्ती दिली खरी, पण आपल्या संगीताची नशापाण्याशी सांगड घातली जाते याची खंत त्यांनी जाहीरपणे व्यक्त केली. १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात श्रोत्यांनी वाद्ये जुळवली जात असतानाच टाळ्यांचा कडकडाट केला होता. त्या टाळ्यांत भाबडेपणा होता तसा अनादरही, निदान मला तरी तसेच वाटत आले आहे.

पण कोलकात्यातच याच्या उलट दिशेचाही एक प्रयोग झाला होता. उदयशंकर यांचे पुत्र आणि रविशंकर यांचे पुतणे आनंद शंकर यांनी स्वतः सतार हाती घेऊन रॉकची वाद्ये तिच्याभोवती बसवली. त्यांच्या १९७५ सालच्या ध्वनिमुद्रिकेत 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता' याच नावाची रचना आहे. तेव्हा २०१४ च्या 'फॉरेस्ट ऑफ लॉस्ट चिल्ड्रन' या ध्वनिमुद्रिकेत जपानी मुलांनी हे नाव घेतले, ते नकाशात पाहून नव्हे, हे उघड आहे.

सतार रॉकमध्ये वाजवणे हे तांत्रिकदृष्ट्याही सोपे नाही. तिच्या मुख्य तारांखाली तरफांच्या अकरा-तेरा तारा असतात, आणि जवळपास कोणताही सूर उमटला की त्या आपोआप झंकारतात. बैठकीत हाच सतारीचा प्राण. शेजारी ड्रम आणि ध्वनिवर्धकावर चढवलेल्या दोन गिटारी असल्या, की तोच झंकार ध्वनिक्षेपकात शिरून शिट्ट्या वाजू लागतात. त्यामुळे र्यूची सतार विजेवर घेतलेली असे, आणि गिटारवादक वापरतात तशा पायाखालच्या पेट्यांतून तिचा आवाज गाळून, वाकवून बाहेर येई. परिणाम असा, की कित्येकदा गिटार कोणती आणि सतार कोणती हे सांगता येत नाही. कधी ती तंबोऱ्याचे काम करते, कधी गिटारीच्याच ओळीवरून एक मींड घेऊन पुढे निघून जाते. राग मांडण्याचा आव कोठेही नाही.

हे योग्य की अयोग्य, याचा निवाडा माझ्याने होईना. तो करू शकेल असा एकच माणूस माझ्या माहितीत होता. माझे काका मिरजेला असतात. मिरज ही सतार घडवणाऱ्यांची नगरी. पंढरपूर परिसरातील भोपळे आणि तुणाचे लाकूड यांतून तेथे दीडशेहून अधिक वर्षे तंतुवाद्ये बनत आहेत, आणि २०२४ मध्ये तेथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. काका आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आले आणि पहाटे नेमाने सतार वाजवत आले. दिवाळीच्या रजेत मी त्यांच्यापुढे मोबाइल ठेवला आणि काही न सांगता तीच रचना लावली.

काकांनी चष्मा काढून ठेवला. हे ते फक्त गंभीरपणे ऐकताना करतात. निम्मी रचना होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात शिकलेला आहे. कोणाकडे शिकलाय?"

मी गुरूंचे नाव सांगितले. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाले, "मग बरोबर. पण अरे, जवारी कुठाय? यंत्रातून काढलेली सतार म्हणजे साय काढलेलं दूध."

"काका, एवढ्या गोंगाटात जवारी टिकणार कशी?"

"तेच म्हणतोय मी. त्यानं ते ओळखलंय. म्हणून तो आलापीच्या वाटेला गेलाच नाही. नाहीतर हे लोक सतारीला पाटावर बसवून हार घालतात. यानं तिला पदर खोचून कामाला लावलीय." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि गातात ते कोणत्या भाषेत?"

"कोणत्याच नाही."

काका मोठ्याने हसले. स्वयंपाकघरातून काकूही बाहेर आल्या. मग 'कोगाराशी' लावले. हे गाणे शांत आहे, गिटार आणि हलक्या आवाजातले गाणे, जुन्या लोकगीताच्या चालीचे. ते काकूंना आवडले. काकांना आवडले नाही. "यात काही घडत नाही," हे त्यांचे मत, आणि ते त्यांनी आजतागायत बदललेले नाही. मला ते मान्य नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही.

सायंकाळी अंगणात बसलो असताना त्यांनी अचानक विचारले, "ही मुलं इकडे कधी येणार आहेत का रे? ऐकायला जाऊ. कोलकात्याला आलो असतो मी."

ते आता वाजवत नाहीत, हे मला सांगावे लागले. "भांडले का?" काकांनी विचारले. त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता. बँड मोडतात ते बहुधा भांडणाने, पैशाने किंवा व्यसनाने.

यांच्या बाबतीत घडले ते निराळे आहे, आणि व्यवसायामुळे असेल, पण मला ते त्यांच्या संगीताइतकेच लक्षणीय वाटते. २०१४ मध्ये गो आणि तोमो यांनी 'गुरुगुरु ब्रेन' ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. आशियातील अशा वेगळ्या वाटेने जाणाऱ्या बँडना जगापुढे येण्यासाठी युरोप-अमेरिकेतील कोणा कंपनीच्या दारात उभे राहावे लागू नये, हा हेतू. त्या संस्थेने तैवानच्या 'स्कॅटर्ड पर्गेटरी'चे, थायलंडच्या 'खाना बिअरबूड'चे, इंडोनेशियाच्या 'रामायण सोल'चे संगीत प्रकाशित केले. पुढे दोघांनी कामाचे ठाणे ॲमस्टरडॅमला हलवले. स्वतःच्या ध्वनिमुद्रिका, स्वतःचे दौरे, स्वतःचे निर्णय. एका पतपुरवठा अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर तारण काहीच नाही, बाजारपेठ अनिश्चित आणि उत्पादन असे की ज्याचे शब्दही कोणाला कळत नाहीत. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो कोणत्या शेऱ्यासह परत पाठवला असता हे मला नेमके ठाऊक आहे.

तरीही तो उद्योग चालला, वाढला. 'मसाना टेम्पल्स' त्यांनी लिस्बनला जाऊन ब्रुनो पेर्नादास या पोर्तुगीज जॅझ संगीतकाराच्या निर्मितीखाली केली, आणि तोवर युरोप-अमेरिकेतील सभागृहे त्यांच्यासाठी भरू लागली होती. नेमक्या अशा वेळी, २०२२ च्या जानेवारीत, त्यांनी जाहीर केले की हे वर्ष आपले शेवटचे. ज्यासाठी २०१२ साली रस्त्यावर उभे राहिलो ते साध्य झाले, तेव्हा चांगल्या टप्प्यावर थांबावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मे महिन्यात 'कुमोयो आयलंड' ही अखेरची ध्वनिमुद्रिका आली. ती करण्यासाठी ते पुन्हा टोकियोला, असाकुसाबाशीतील आपल्या जुन्या 'त्सुबामे' स्टुडिओत परतले होते. मग वर्षभर निरोपाचे दौरे केले, दिलेल्या तारखा पाळल्या आणि थांबले.

काकांना हे पटायला वेळ लागला. "तयारी झाल्यावर थांबायचं? तयारी झाल्यावर तर वाजवायला सुरुवात होते," ते म्हणाले. त्यांच्या जगात वादक थांबत नाही, बोटे थांबतात. त्या रात्री बराच वेळ त्यांच्या खोलीतून खुंट्या पिळल्याचा आवाज येत होता. तरफांना बरेच दिवसांत हात लागला नव्हता, असे काकूंनी सकाळी सांगितले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते आणि त्यामुळे माझी अडचण होते. 'मसाना टेम्पल्स' ऐकताना वाटते की या पाच जणांकडे अजून पुष्कळ शिल्लक होते, मग खाते बंद करण्याची घाई का केली? 'कुमोयो आयलंड' ऐकताना मात्र लक्षात येते, की निरोपाची गोष्ट असूनही तिच्यात कोठे रडका सूर नाही, उलट मुले सुट्टीत घरी आल्यावर करतात तसा खेळकर पसारा आहे. कर्जबाजारी होऊन दुकान बंद करणाऱ्याला असा पसारा मांडता येत नाही.

ज्या वाचकांना ऐकण्याची इच्छा होईल, त्यांनी आरंभ २०१६ च्या 'हाउस इन द टॉल ग्रास'पासून करावा. 'कोगाराशी' त्यातच आहे, आणि 'सिल्व्हर आउल' हेही, जे कुजबुजीसारखे सुरू होऊन शेवटी भिंती हलवते. सतारीसाठी 'फॉरेस्ट ऑफ लॉस्ट चिल्ड्रन' घ्यावी. त्यानंतर 'मसाना टेम्पल्स', शक्यतो पावसात. २०१४ सालच्या 'मॅमॅटस क्लाउड्स'मधील 'पाँड' ही रचना जवळजवळ अर्ध्या तासाची आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती सबंध ऐकण्याचा माझा पहिला प्रयत्न मध्येच डुलकी लागून फसला. ती शेवटी ठेवावी, आणि तीही सुट्टीच्या दिवशी.